सावलीचे पैसे कोण देणार?

तूर फुलोऱ्यात आली की रेणापूर तालुक्याच्या शिवारात एक गंमत बघायला मिळते. उभ्या पिकात मधूनमधून इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराच्या काठ्या रोवलेल्या दिसतात. नव्या माणसाला ते बुजगावण्याचे सांगाडे वाटावेत. काम मात्र अगदी उलटे. बुजगावणे पाखरांना हाकलण्यासाठी असते, या काठ्या पाखरांना बोलावण्यासाठी असतात. कृषी खात्याच्या भाषेत यांना 'पक्षिथांबे' म्हणतात आणि हेक्टरी पन्नासेक थांबे लावावेत असा सल्ला दिला जातो. कोतवाल, साळुंकी, नीळकंठ अशी पाखरे त्यावर येऊन बसतात, तुरीवरच्या आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळ्या टिपतात आणि शेतकऱ्याची एखादी फवारणी वाचते. सल्ला चांगला आहे, जवळजवळ फुकटचा आहे, आणि त्यावरून कृषी खात्याची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण पाखरांना बसण्यासाठी शेतात काठ्या रोवण्याची वेळ आपल्यावर का आली, हा प्रश्न त्या काठ्या पाहून मनात आल्याशिवाय राहत नाही.

याचे उत्तर बांधावर आहे. किंवा, खरे सांगायचे तर, बांधावर आता जे नाही त्यात आहे. आमच्या भागातल्या बांधांवर पूर्वी बाभळी होत्या, लिंब होते, बोरी होत्या, एखादी चिंच, एखादा गावरान आंबा असे. ही झाडे कुणी पर्यावरणाच्या प्रेमापोटी राखलेली नव्हती. बाभळीचे लाकूड औताला, तिफणीला, गाडीच्या चाकाला लागे. तिच्या शेंगा शेळ्यांना चालत, काट्यांचे कुंपण होई, डिंक विकला जाई. लिंबाची सावली दुपारच्या भाकरीला आणि बैलांना लागे, निंबोळ्या खताला जात. झाड आपल्या उभे राहण्याचे भाडे नियमितपणे देत असे, म्हणून त्याला जागा होती. पुढे ट्रॅक्टर आले, दावणीचे बैल गेले, लाकडी अवजारांच्या जागी लोखंडी आली. आणि बाभूळ एके दिवशी बेकार झाली. त्याच सुमारास, म्हणजे १९९० नंतरच्या काळात, ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. शंभरेक दिवसांत हाती येणारे, उन्हाला सोकावलेले आणि यंत्राने काढता येणारे पीक. यंत्राला सलग शेत लागते. बांध आधी अरुंद झाले, मग त्यांवरची झाडे गेली. दोन भावांच्या वाटणीत बांधावरच्या झाडाची सावली कुणाच्या वाट्याला, यावरून झालेली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

हे केवळ आमच्या तालुक्याचे दुखणे नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने उपग्रहचित्रांवरून भारतातल्या शेतांतली झाडे मोजली गेली, आणि तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० आणि २०११ च्या चित्रांत दिसणाऱ्या मोठ्या झाडांपैकी सुमारे अकरा टक्के झाडे २०१८ पर्यंत नाहीशी झाली होती. आणि २०१८ ते २०२२ या चार-पाच वर्षांत पन्नास लाखांहून अधिक मोठी झाडे शेतांतून गेली. मोठे म्हणजे, ज्याच्या पानोऱ्याचा विस्तार सदुसष्ट चौरस मीटरच्या आसपास आहे असे. नुकसान अधिक झालेल्या प्रदेशांत महाराष्ट्राचा काही भाग आहे. लातूर जिल्ह्यात तर जंगल म्हणून जे काही आहे ते भूभागाच्या एक टक्क्याच्याही आत. म्हणजे आमच्याकडे पाखरांनी, मधमाश्यांनी, सरड्यांनी राहायचे म्हटले तर शेतातच राहिले पाहिजे. त्यांना जायला दुसरीकडे जागाच नाही.

'झाड असले की पीक येत नाही' हे वाक्य आमच्याकडे इतक्या खात्रीने बोलले जाते की त्याच्याशी वाद घालणारा माणूस शेती न केलेला ठरतो. त्यात तथ्य आहेच. लिंबाखालची सोयाबीन खुरटी राहते, हे कुणीही दाखवील. परंतु झाडाखालीच पीक घेणारा, आणि झाड नसेल तर पिकाचे हाल होतात असे मानणारा एक मोठा प्रदेश आपल्या शेजारच्याच राज्यात आहे. पीक आहे कॉफीचे. रेणापुरात चहाच चालतो, कॉफी ही पाहुण्यांसाठी. पण आता घरोघरचा एखादा मुलगा, एखादी मुलगी बंगळुरूला नोकरीला असते आणि येताना चिकमगळूरच्या पावडरीचा पुडा घेऊन येते. त्या पुड्यामागे काय आहे हे समजून घेतले, तर आपल्या बांधाचा प्रश्न थोडा वेगळा दिसू लागतो.

कॉफीचे मूळ घर इथिओपियाच्या डोंगरी जंगलात. तिथे ती मोठ्या झाडांच्या खाली, गाळून आलेल्या उन्हात वाढणारे झुडूप आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने मक्केहून परतताना येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगरांना आजही त्यांचेच नाव आहे. मळे म्हणून कॉफी पसरली ती इंग्रजी अमदानीत. पण भारतातल्या मळेवाल्यांनी जंगल सरसकट साफ केले नाही. खालची झुडपे काढली, वरची झाडे ठेवली आणि मधे कॉफी लावली. शेजारच्या श्रीलंकेत डोंगरच्या डोंगर उघडे करून कॉफी लावली गेली होती. १८६९ मध्ये तिथे तांबेरा रोग दिसला आणि काही वर्षांत कॉफीचा धंदा बसला. आज आपण 'सिलोनचा चहा' म्हणतो तो त्या बुडालेल्या कॉफीच्या जागेवर उभा आहे. तांबेरा भारतातही आला आणि त्याने इथेही नुकसान केले. मळ्यांतली सावली मात्र टिकली.

ज्याला आपण कूर्ग म्हणतो त्या कोडगू जिल्ह्यातला जुन्या पद्धतीचा मळा बाहेरून पाहिला तर जंगलच वाटते. सर्वांत वर शिसम, ऐन, फणस, उंबर, नांदरूक अशी मोठी झाडे. त्यांच्या खोडांवर चढवलेले मिरीचे वेल. त्याखाली पांगाऱ्याची दुसरी, हलकी सावली. आणि त्याच्या खाली माणसाच्या उंचीची कॉफी. पांगारा शेंगवर्गीय असल्याने जमिनीला नत्र देतो, त्याची छाटलेली पाने तिथेच कुजतात. पावसाळ्यापूर्वीचे वळीव पाऊस तिथे फार मोलाचे, कारण त्या सरींनंतर कॉफी एकाच वेळी फुलते आणि दोन-चार दिवस सगळा डोंगर जुईच्या मांडवासारखा दिसतो. त्या दिवसांत आग्या आणि सातेरी मधमाश्या जे काम करतात त्यावर वर्षाचे पीक बरेच अवलंबून असते. कॉफीच्या दोन मुख्य जाती आहेत, अरेबिका आणि रोबस्टा. रोबस्टाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, तिला मधमाशीवाचून अडते. अरेबिका एकटी फळू शकते, पण मधमाश्या असतील तर तिचेही भागते असे नव्हे, वाढते. कोस्टारिकातल्या एका मळ्यावर झालेला २००४ मधला अभ्यास सांगतो की, जंगलापासून सुमारे एक किलोमीटरच्या आतल्या कॉफीचे उत्पन्न तिथून येणाऱ्या मधमाश्यांमुळे वीस टक्क्यांनी अधिक होते.

सावलीचा आणखी एक फायदा मला फार बोलका वाटतो. अरेबिकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. त्याचा भुंगेरा अंडी घालायला उन्हात तापलेले खोड शोधतो. सावली नीट असेल तर त्याचा उपद्रव कमी राहतो. म्हणजे पक्षी येऊन कीड खातात तो फायदा वेगळाच, इथे सावली स्वतःच राखण करते. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफीचे संशोधन केंद्र आहे. दुहेरी सावलीची शिफारस तिथलीच. अर्थात सावली ही एकदा लावून विसरण्याची वस्तू नाही. दरवर्षी फांद्या छाटून ती कमी-जास्त करावी लागते, त्याला कुशल मजूर लागतात, मजुरी लागते. गर्द सावलीत कॉफी कमी येते हेही खरे. आमच्या लिंबाखालच्या सोयाबीनचे आणि तिथल्या कॉफीचे गणित अगदीच वेगळे नाही. फरक इतकाच की तिथे झाड आणि पीक यांचा हिशेब एकत्र मांडतात. आम्ही झाड नेहमी खर्चाच्या बाजूला लिहितो.

या मळ्यांत जीवसृष्टी किती? पश्चिम घाटातल्या कर्नाटकाच्या कॉफी, सुपारी आणि रबराच्या मळ्यांत गेल्या दशकात पक्ष्यांची मोजणी झाली. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी सापडले, त्यांत जंगलावाचून न राहणारेही बरेच होते, आणि तिन्ही पिकांत कॉफीचे मळे सरस ठरले. मळा हा काही जंगलाला पर्याय नव्हे. खालची झुडपे आणि रोपटी तिथे नसतातच. पण दोन जंगलांच्या मधला तो पूल आहे.

हा पूल मोडला की काय होते, तेही जगाने पाहिले आहे. १९७० मध्ये ब्राझीलमध्ये आणि १९७६ मध्ये निकाराग्वात तांबेरा पोचला. त्याच्या धास्तीने आणि जास्त उत्पन्नाच्या आशेने मध्य अमेरिकेतल्या आणि कोलंबियातल्या शेतकऱ्यांना सावली काढून उन्हातली कॉफी लावायला सांगण्यात आले. त्यासाठी अमेरिकन सरकारचा पैसाही आला. १९९० च्या सुमारापर्यंत त्या पट्ट्यातले कॉफीखालचे सुमारे चाळीस टक्के क्षेत्र असे बदलले गेले. उत्पन्न वाढले, तशी खतेही वाढली, औषधेही. मग उत्तर अमेरिकेतल्या पक्षिनिरीक्षकांना जाणवू लागले की हिवाळ्यात दक्षिणेला जाणारे आपले गाणारे पक्षी ज्या झाडांवर उतरत होते, ती झाडेच राहिलेली नाहीत. त्यातून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने 'पक्षिमित्र' कॉफीचा शिक्का सुरू केला. किमान चाळीस टक्के सावली, अनेक जातींची झाडे आणि सेंद्रिय शेती या त्याच्या अटी. शिक्का असलेली कॉफी थोडी महाग विकते. कल्पना उत्तम, पण घेणारे थोडे. पक्ष्यांवर प्रेम करणारे खूप असतात. त्यासाठी दुकानात चार पैसे जास्त मोजणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावे लागतात.

कोडगूत कॉफी सावलीतच आहे, म्हणून सगळे आलबेल आहे असे समजू नये. सावली आहे, पण सावली देणारे झाड बदलते आहे. मोठ्या भागात आता मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या सिल्व्हर ओकच्या सरळ रांगा दिसतात. ते भराभर वाढते, खोड सरळ असल्याने मिरीचा वेल चढवायला सोयीचे, लाकूडही विकले जाते. पण यामागे एक कारण कायद्याचे आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिथल्या बऱ्याच जुन्या धारणेच्या जमिनींवर देशी झाडांच्या लाकडाचा हक्क सरकारकडे राहिला. शेतकऱ्याने शंभर वर्षे राखलेला शिसम त्याला मनाप्रमाणे तोडता वा विकता येत नाही. तोडायचा तर परवान्यासाठी खेटे. सिल्व्हर ओकला हे बंधन नाही. आता तुम्हीच सांगा, रोप लावायची वेळ आली की शहाणा शेतकरी कोणते रोप लावील? शिसम आपोआप उगवला तर तो वाढू तरी देईल का? देशी झाडे वाचवण्यासाठी केलेला कायदा देशी झाडांच्याच मुळावर आला. कायदा करणाऱ्यांची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही. त्यांनी झाडाचा विचार केला आणि झाडाच्या धन्याचा करायचे राहून गेले.

दुसरे संकट भावाचे. १९९० च्या दशकापर्यंत भारतातली कॉफी सक्तीने कॉफी बोर्डाकडे जमा होई आणि बोर्ड ती विकी. हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल होत १९९६ मध्ये पूर्ण गेले. शेतकऱ्याला बाजार मोकळा झाला, चांगला भावही मिळाला. आणि २००१ च्या आसपास जगातलेच भाव कोसळले तेव्हा त्याला वाली उरला नाही. त्या काळात अनेकांना मिरीने तारले, म्हणजे पर्यायाने मिरीच्या वेलाला आधार देणाऱ्या झाडांनी तारले. २०२४ आणि २०२५ मध्ये उलटे घडले. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळामुळे कॉफीला विक्रमी भाव आले. भाव चढला की सावली विरळ करून चार पोती जास्त काढण्याचा मोह होतो, आणि उन्हाचे रोबस्टाला फारसे वावडे नाही. हत्तींचा प्रश्न वेगळाच. कोडगूचे हत्ती कॉफीच्या मळ्यांत मुक्काम करतात. जैवविविधतेचे गोडवे शहरात बसून गाता येतात, पण पहाटे कॉफी तोडायला जाणाऱ्या मजूर बाईला झाडाआड हत्ती उभा असण्याची धास्ती असते आणि अशा गाठीत माणसे मेलीही आहेत. या सावलीतून जी कावेरी वाहते तिचे पाणी बंगळुरू पिते, तामिळनाडू पितो. त्यासाठी सावली राखणाऱ्याला वेगळे असे कुणी काही देत नाही.

आपल्या महाराष्ट्रात कॉफीसाठी नाव घेतले जाते ते चिखलदऱ्याचे. मेळघाटातल्या या ठिकाणची उंची अकराशे मीटरच्या पुढे, पाऊस भरपूर, हवा थंड. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तिथल्या खासगी बागांतल्या उत्तम कॉफीची नोंद आहे. पण ती बागांपुरतीच राहिली, कोडगूसारखी घराघरांची शेती झाली नाही. रेणापुरात तर कॉफीचा विचारही नको. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पाऊस सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी, जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. कुणी रोपांची योजना घेऊन आलाच तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आपण घ्यायचे ते पीक नव्हे, हिशेबाची पद्धत. शेतातले झाड टिकते ते त्याच्या धन्याला त्याचा उपयोग असेल तर, आणि ते खऱ्या अर्थाने त्याचे असेल तर. आमच्याकडे उपयोग संपला हे मी वर सांगितलेच. मालकीचे काय? महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, चंदन यांच्याबरोबर आंबा, चिंच, जांभूळ, मोह हीही झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. बाभूळ आणि लिंब यादीत नाहीत, तीही गेली, तेव्हा सगळा दोष कायद्यावर ढकलता येणार नाही. पण चिंचेचे रोप बांधावर दिसले की ते कोवळे असतानाच उपटावे, पुढची कटकट नको, असा विचार करणारा शेतकरी मूर्ख नसतो. कोडगूच्या शेतकऱ्याने शिसमाबद्दल केला तोच विचार तो करतो. उलट उदाहरणही आहे. २०१७ मध्ये केंद्राने बिगरजंगल जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला आणि तोडणी-वाहतुकीची अडचण दूर केली. त्यानंतर लोक बांबूची चौकशी करू लागले, आमच्या जिल्ह्यातही करू लागले.

झाडे लावली की पाऊस पडतो, हे भाषणातले वाक्य मी इथे वापरणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हापासून ते वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा बोलले गेले आहे की ऐकणाऱ्याला डुलकी लागते. त्याच वर्षी राज्याने दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला, मग चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. खड्डे झाले, छायाचित्रे झाली. नवे रोप लावणाऱ्याला हार आहे, अनुदान आहे. चाळीस वर्षांचा लिंब न तोडणाऱ्याला काय आहे? त्याची सोयाबीन तेवढ्या पट्ट्यात खुरटते, शेजारी कुरकुरतो, यंत्रवाला वळसा घ्यावा लागतो म्हणून जास्त पैसे मागतो. त्या लिंबावरचा कोतवाल मात्र आसपासच्या दहा शेतांतल्या अळ्या फुकट टिपतो. एकाचे नुकसान आणि दहांचा फायदा असे जिथे होते, तिथे त्या एकाला काही तरी मिळायला हवे, हा साधा व्यवहार आहे. भारताने २०१४ मध्ये शेतातल्या झाडांसाठी राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण आणले, असे धोरण करणारा तो जगातला पहिला देश. धोरणात परवाने सोपे करण्याची भाषा आहे. ती तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोचली पाहिजे. शेतकऱ्याने स्वतः लावलेल्या वा राखलेल्या आंब्या-चिंचेला परवानगीऐवजी नुसती लेखी सूचना पुरेशी करावी. आणि जुन्या देशी झाडाला ते उभे असेपर्यंत दर वर्षी एक ठरावीक रक्कम द्यावी. शेतकऱ्याला वर्षाला सहा हजारांचा सन्मान निधी थेट खात्यात देता येतो, तर झाडाचा का नाही?

'पण झाडे मोजणार कोण?' असा प्रश्न सरकारी माणूस लगेच विचारील. त्याची सोय सरकारनेच करून ठेवली आहे. २०२१ च्या ऑगस्टपासून राज्यात शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर स्वतः करतो, त्याला ई-पीक पाहणी म्हणतात. त्यात पिकाचे छायाचित्र, जागेची खूण, सगळे असते. आणि त्यातच बांधावरची झाडे नोंदवण्याचा एक रकाना आहे. विम्यासाठी, अनुदानासाठी, हमीभावाच्या खरेदीसाठी लोक पिकाची नोंद धावपळ करून भरतात. झाडांच्या रकान्याला हात लावण्याचे कुणाला कारण नाही, कारण त्यावर एक रुपयाही अवलंबून नाही. पुढच्या खरिपात निदान एका तालुक्यापुरते तरी या रकान्याला पैसे जोडून पाहावेत. रेणापूरपासून सुरुवात करायला हरकत नाही. मोजायला झाडे थोडीच उरली आहेत, काम लवकर उरकेल.